इतकं नीट वाहायला नको होतं

राव सर,

तुमच्यावर पहिला संशय मला दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला. सेल्वी मशीन थांबवून हात धुवायला गेली होती. मी डबा घेऊन वर निघाले होते आणि चष्मा विसरला म्हणून परत आले. काचेच्या दारातून पाहिलं तर मशीन चालू होतं. तुम्ही साच्यासमोर वाकून उभे होतात. चिमट्याने काहीतरी उचललंत, खिशातून औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी काढून त्यात ठेवलंत आणि डबी परत खिशात गेली. मग प्लास्टिकच्या दाण्याच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणा कागदात बांधलात. तोही खिशात. तुम्ही मान वर करून दाराकडे पाहिलंत. मी दिसले का तुम्हाला? परवा तुम्हाला जाऊन महिना होईल, आणि या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मी दिसल्याचं तुम्ही दाखवलं नाहीत. मी पाहिल्याचं बोलले नाही. आपल्या दोघांमध्ये जे काही बिघडलं ते त्या दिवसापासून.

त्याआधीची तीन वर्षं मात्र चांगली होती, हे मला इथे लिहायलाच हवं. तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावच्या क्वार्टर्समधून अंबत्तूरला कामाला येणारी मी. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, मी या छोट्या प्लास्टिकच्या कारखान्यात संगणकावर बसणारी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईशी फोनवर बोलत होते. आईला कराडहून एकच काळजी, मी जेवते का. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "मराठी की? माझेंही तेंच." मी वळून पाहिलं. कपाळावर गंध, पांढरी मिशी, हातात तेलाचं फडकं. तुमचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि तिथेच राहिले, तुम्ही वेस्ट मांबलमला राहता, घरात अजून मराठी बोलता, हे सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत. मला हसू आलं. तुमची मराठी मला माझ्या पणजीच्या पत्रांसारखी वाटली. तुम्हाला माझी मराठी धावत सुटलेली वाटायची. "कोंजम हळू बोल, मा," म्हणायचात. "मज अर्धेंच पोंचतें."

बाहेरच्या माणसाला आपलं काम समजावून सांगणं किती अवघड होतं! कराडला भावजयीने विचारलं, प्लास्टिकचं काय करता, बादल्या? मी म्हटलं, तांदळाच्या दाण्याहून लहान चाकं करतो. तिला वाटलं मी थट्टा करते. तुम्ही तुमच्या मामींना, म्हणजे बायकोला, एकदा तसं चाक बोटाच्या टोकावर ठेवून दाखवलंत आणि त्या शिंकल्या. ते चाक पुन्हा सापडलं नाही. ही गोष्ट तुम्ही दर दोन महिन्यांनी सांगायचात आणि सेल्वी दर वेळी नवी असल्यासारखी हसायची.

एवढ्या लहान वस्तूत वितळलेलं प्लास्टिक कसं शिरतं, हेच आपलं काम आणि हेच आपलं भांडण. बादली करताना प्लास्टिकला भरपूर जागा आणि भरपूर वेळ असतो. चाकाच्या दातात तसं नाही. केसाएवढ्या वाटेतून गरम रस आत घुसतो, पोलादाला टेकला की टेकल्या जागी गोठतो, आणि मधला भाग गोठायच्या आत पुढे पळायला बघतो. जितकं जोरात ढकलावं तितका तो पातळ होतो. पुढे असलेल्या हवेला बाहेर पडायला फट मिळाली नाही तर ती दाबली जाऊन इतकी तापते की दाताचं टोक काळं पडतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. कोणी पाहू शकत नाही. मी ते संगणकावर गणित करून पाहायची. तुम्ही मुद्दाम कमी रस सोडून अर्धवट चाकं काढायचात, पहिलं एका दातापुरतं, दुसरं दोन दातांपुरतं, आणि ती ओळीने मांडून रस कुठल्या वाटेने गेला असेल ते वाचायचात.

माझं गणित असं धरतं की रस भिंतीला चिकटतो, भिंतीपाशी त्याचा वेग शून्य. तुम्ही म्हणायचात, एवढ्या बारीक वाटेत तो चिकटत नाही, घसरतो.

"कशावरून?" मी विचारायची.

"साचा मी घासलों आहें. मज ठाऊक."

"हा काही पुरावा झाला नाही, सर."

"तुझें चित्र पुरावा, आणि माझें चाक पुरावा नाही?"

तो वाद कधी मिटला नाही. आणि खरं सांगते, त्या वादात मला कधी तुमचा संशय आला नव्हता. माणूस तोंडावर 'तुझं चुकतंय' म्हणत असतो तोवर त्याची भीती नसते.

मग ते पंपाचं काम आलं. शरीरात थेंबाथेंबाने औषध सोडणारा छोटा पंप, आणि त्याच्या आतलं आपलं दातेरी चाक. एक दात अर्धवट राहिला किंवा तुटला तर औषध चुकणार, म्हणून गिऱ्हाईक फार कडक. आणि नेमके शेवटचे तीन दात भरत नव्हते. दोन महिने आपण त्यांच्या मागे होतो. मी गणित करून सांगितलं की रस आत सोडायचं तोंड इथून उचलून तिथे न्या. तुम्ही मान हलवलीत. "तिथेंही भरणार नाही," म्हणालात. तरी माझ्या चित्राप्रमाणे साच्याचा नवा तुकडा केलात, तोही इतका सुबक की मला लाज वाटली. तुकडा बसवला, मशीन चालू केलं. पहिलंच चाक पूर्ण. दुसरं पूर्ण. सेल्वीने भिंगाखाली धरलं आणि टाळी वाजवली. मालक खाली आले, त्यांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मशीनच्या पडद्यावरचा दाबाचा आकडा पाहत होतात.

"काय झालं, सर?"

"इतकें नीट वाहावें, हें सरि नाही."

"बरोबर कसं नाही? भरलं ना पण?"

"भरलें. म्हणूनच म्हणतों."

मला ते लागलं. इतकं लागलं की त्या दिवशी मी तुमच्याबरोबर चहालाही आले नाही. चाळीस वर्षं साचे केलेल्या माणसाला कालच्या पोरीचं बरोबर आलेलं पाहवत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. घरी नवऱ्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, जाऊ दे, म्हातारी माणसं अशीच. आज वाटतं, ते वाक्य त्याने नव्हे, मीच त्याच्या तोंडात घातलं होतं.

आणि मग ती डबी.

त्या दिवसानंतर मी तुमच्यावर पाळत ठेवली. याला दुसरा शब्द नाही. चष्मा विसरायचं निमित्त रोज कसं चालणार? म्हणून मी जिन्याच्या वळणावर बसून डबा खायला लागले. तिथून साचा दिसायचा. तुम्ही आठवड्यातून दोनदा सुट्टीत मशीन चालवायचात. एकदा जुन्या, अर्ध्या संपलेल्या पोत्यातला दाणा घातलात, तो मागच्या खोलीत धूळ खात पडला होता. काम झालं की दाणा ओतायचं हॉपर पुसून, सेटिंग होतं तसं करून, कोणाला कळणार नाही असं सगळं जागच्या जागी ठेवायचात. एवढी सफाई कोण करतं? ज्याला लपवायचं आहे तो. मशीनमधली नोंद मी उघडून पाहिली. तुमच्या त्या चाचण्यांची नोंदच नव्हती. तुम्ही नोंद बंद करून चालवत होतात.

पुढे माझं डोकं आपोआप चाललं. गिंडीच्या बाजूला तुमचा भाचा असलाच कारखाना काढतोय हे तुम्हीच एकदा बोलला होतात. चाकं, दाणा, साच्याचं माझं नवं तोंड. सगळं जुळत गेलं. संशयाचं हेच वाईट, कुठलाही तुकडा त्याला जुळतो. तुम्ही मला नमस्कार केलात तरी मला वाटायचं, आज जास्तच गोड बोलतात. नाही केलात तर वाटायचं, नजर चुकवतात.

तुम्ही सांगायचा प्रयत्न केला नाहीत असं मात्र मी म्हणू शकत नाही. एकदा माझ्या टेबलाशी आलात, खुर्ची ओढलीत आणि आवाज खाली आणून म्हणालात, "तुझ्या कंप्यूटरांत दाणा बदलून पाहा की. जरा पातळ वाहणारा घाल. काय दिसतें तें मज दाखीव."

मी विचारलं, "कशासाठी?"

"हुडकितों आहें मी कांहीं."

"माझ्या कामात चूक हुडकताय, असंच ना?"

तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात, म्हणालात, "परवायिल्लै." असू दे. आणि गेलात. दहा मिनिटांचं काम होतं, सर. एक आकडा बदलायचा होता. मी तो बदलला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मालकांना लिहिलं. तोंडी नाही, लेखी. नमुने आणि कच्चा माल परवानगीशिवाय बाहेर जातो, मशीनची नोंद बंद ठेवली जाते, मी स्वतः पाहिलं आहे. तुमचं नाव एकदाच लिहिलं, पण लिहिलं. वाचून पाहिलं, एक शब्द सुधारला आणि पाठवून दिलं. मला वाटलं होतं मालक तुम्हाला विचारतील, तुम्ही काही तरी सांगाल, भांडण होईल आणि मिटेल. मालकांनी तुम्हाला त्याच दुपारी वर बोलावलं. तुम्ही पंधरा मिनिटांत खाली आलात. तुमचं कपाट तुम्ही स्वतः रिकामं केलंत. वॉचमनने तुमची पिशवी उघडून तपासली, सगळ्यांच्या देखत, आणि तुम्ही हात बाजूला करून उभे राहिलात, विमानतळावर राहतात तसे. माझ्या टेबलाजवळून जाताना थांबलात.

"येतों, मा."

मी संगणकाकडे बघत "हं" म्हटलं.

तुम्हाला ठाऊक होतं का? मालकांनी माझं पत्र दाखवलं होतं का? त्या 'येतों' मध्ये काही होतं का? किती वेळा मी ते दोन शब्द परत ऐकले असतील! कधी त्यात राग ऐकू येतो, कधी काहीच नाही. मला आता माझ्या कानांचाही भरवसा नाही.

तीन आठवड्यांनी सेल्वीने सांगितलं की तुम्ही गेलात. सकाळी आंघोळ करून पूजेला बसलात आणि तिथेच कलंडलात. ती रडत होती. मी रडले नाही. मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहून टाकते, कारण ते लपवून हे बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, आता खरं काय ते कधीच कळणार नाही. तुमच्या जाण्यातही मला तुम्ही काही तरी लपवून नेल्यासारखं वाटलं.

तेराव्याला मी मांबलम स्टेशनवर उतरून तुमच्या घरी आले. पहिल्यांदाच. तीन वर्षांत तुम्ही कितीदा बोलावलं होतंत. मामींनी मला ओळखलं. "मेधा की? तुझें नांव रोज घेत होते." मी खाली बघितलं. जेवणं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर त्या आतून बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आल्या. "हें तुझें," म्हणाल्या. "तुज द्यावें म्हणून वेगळें ठेविलें होतें. मज कांहीं समजत नाही त्यांतलें."

मी तो डबा तिथेच उघडला. संशयाने उघडला. भाच्याला द्यायचे नमुने, हेच अजून डोक्यात. आत काचेच्या पट्ट्या होत्या, तपासणीच्या प्रयोगशाळेत असतात तशा. प्रत्येक पट्टीवर चाकं ओळीने चिकटवलेली. एका दातापुरतं, दोन दातांपुरतं, तीन. खाली तुमच्या बारीक तमिळ अक्षरांत तारीख आणि पोत्याचा नंबर. मी पिशवीतून भिंग काढलं आणि तुमच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीशी, जमिनीवर बसून ते पाहत राहिले.

पहिल्या चार पट्ट्या जुन्या तोंडाच्या, जुन्या दाण्याच्या. शेवटचे तीन दात रिकामे, आपल्याला माहीत होते तसे. पुढच्या चार नव्या तोंडाच्या, नव्या पोत्याच्या. सगळे दात पूर्ण. ही माझी शाबासकी. आणि त्यापुढे अशा पट्ट्या होत्या ज्या करायचं मला कधी सुचलंच नाही. नवं तोंड आणि जुना दाणा: तीन दात रिकामे. जुनं तोंड आणि नवा दाणा: सगळे दात पूर्ण.

साच्याच्या माझ्या नव्या तोंडाने काहीच केलं नव्हतं. ज्या आठवड्यात तुम्ही माझा तुकडा साच्यात बसवलात, त्याच आठवड्यात नवी पोती आली होती. नाव तेच, प्रमाणपत्र तेच, पण दाणा दुसरा. तो पातळ होता, म्हणून वाहत होता. तुम्हाला ते मशीनच्या उतरलेल्या दाबाच्या आकड्यावरून पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

डब्याच्या तळाशी एका कागदाच्या पुडीत तुटके दात होते. दुसऱ्या पुडीत अखंड चाकं आणि एक चिमटा. काय करायचं ते सांगायची गरज नव्हती. मी जुन्या दाण्याचं चाक चिमट्यात धरून दाबलं, दात वाकला आणि सरळ झाला. नव्या दाण्याचं दाबलं. टक्. इतका लहान आवाज, पण मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय मोडलें?" त्यांनी विचारलं.

त्या पट्ट्यांत एक अशी होती जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. जुना दाणा असावा. त्यात रस एका बाजूने एक दात पुढे गेलेला आहे. माझ्या गणितात दोन्ही बाजू सारख्या जातात. तुम्ही तिथली भिंत जास्त घासली होतीत का? हा तुमचा घसरण्याचा पुरावा होता का, की मशीनचा दोष? त्याची चिठ्ठी तुम्ही ठेवली नाहीत. मुद्दाम ठेवली नाहीत, असाही मला संशय आहे.

दुसऱ्या दिवशी मी संगणकात तो एक आकडा बदलला. दहा मिनिटांनी पडद्यावर तुमच्या पट्टीवरचंच चाक उमटलं, दात न् दात तोच. नंतर नव्या पोत्यातला दाणा बाहेरच्या प्रयोगशाळेत दिला. ठरलेल्या उष्णतेला, ठरलेल्या वजनाखाली, बारीक भोकातून दहा मिनिटांत किती रस बाहेर येतो ते तिथे तोलतात. प्रमाणपत्रात लिहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त आला. मी दोन वेळा तपासायला लावलं. माझा त्यांच्यावरही विश्वास नव्हता.

कागद घेऊन मालकांकडे गेले. त्यांनी तो वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "रावही हेच सांगत होता."

"कधी?"

"तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी. दाणा बदललाय, काम थांबवा म्हणून." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "नेहमीचा दाणा येत नव्हता. माल द्यायची तारीख डोक्यावर. पुरवठादार म्हणाला, हा तसाच आहे. कागदही दिला त्याने. मी काय करणार होतो?"

"आणि माझं पत्र?"

त्यांनी उलटा ठेवलेला कागद माझ्याकडे सरकवला. तुम्ही थांबवा म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला थांबवायचं कारण लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांना तेवढंच हवं होतं. तुमच्या चाचण्यांची नोंद का नव्हती तेही मग कळलं. मशीनची नोंद मालकांच्या फोनवर जात होती. तुम्ही माझ्यापासून नाही, त्यांच्यापासून लपवत होतात. मी मात्र जिन्यावर बसून चुकीच्या माणसावर पाळत ठेवली.

मी गिऱ्हाइकाला कळवलं. मालकांना सांगून कळवलं, त्यांनी अडवलं नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित दमले असतील, कदाचित तुमच्या जाण्याने ते हलले असतील, कदाचित मी न सांगता कळवेन ही भीती असेल. मी आता कोणाचंही मन नक्की सांगत नाही. चाकांची खोकी परत येतायत. बरीचशी पंपात बसायची होती ती थांबली. काही बसली होती, ते पंप ते लोक शोधून परत मागवतायत. कोणाला काही झाल्याचं अजून कळलेलं नाही. फोन वाजला की मी आधी नंबर कोणाचा ते पाहते.

सर, मला तुमच्यावर रागही आहे. हे कोणाशी बोलू? तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? "हुडकितों आहें मी कांहीं," म्हणे. पट्ट्या माझ्यासाठी वेगळ्या ठेवायच्या होत्या तर मी जिवंत तुमच्यासमोर बसलेली असताना का नाही दिल्यात? मी ऐकणार नाही असं वाटलं? की मी मालकांची माणूस आहे असं वाटलं? म्हणजे तुम्हीही माझा संशय घेत होतात तर. मला हा विचार येतो आणि विचित्र म्हणजे थोडं बरं वाटतं. आणि लगेच कळतं की हे बरं वाटणं तुमच्याकडून चोरून घेतलेलं आहे. तुम्ही आला होतात माझ्या टेबलाशी. खुर्ची ओढून बसला होतात.

गेल्या आठवड्यात परत मांबलमला गेले. मामी कॉफीचा काढा फिल्टरमधून काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते.

"मामी, मालकांना ते पत्र मी लिहिलं होतं."

"कोणतें पत्र?"

"सर सामान बाहेर नेतात म्हणून."

त्यांनी फिल्टर खाली ठेवला. "तीन दिवस जेवले नाहीत नीट," त्या म्हणाल्या. "विचारलें तर म्हणाले, पिशवी उघडून पाहिली माझी, सर्वांपुढें. एवढेंच म्हणाले. कोण लिहिलें तें सांगितलें नाहीत."

"त्यांना ठाऊक होतं?"

"मज ठाऊक नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "आतां मज कां सांगतीस? मी काय म्हणूं? माफ केलें म्हणूं? तें माझें नाही, मा. त्यांचें होतें. तें घेऊन ते गेले."

मी "हो" म्हटलं. जिन्यापर्यंत गेले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. कॉफी विसरलीस असं म्हणतील असं वाटलं.

"जिथें त्यांची पिशवी उघडली," मामी म्हणाल्या, "तिथें जाऊन सांग. माझ्या घरांत सांगून काय उपयोग?"

त्या बरोबर बोलल्या. कारखान्यात अजून सगळ्यांना एवढंच माहीत होतं की राव सर सामान नेताना सापडले. खोकी परत का येतायत याचं कारणही 'वर काही तरी झालं' एवढंच. सेल्वीसुद्धा तुमचं नाव निघालं की विषय बदलायची. तिला वाईट वाटत होतं म्हणून, की तिचाही विश्वास बसला होता म्हणून, मी विचारलं नव्हतं.

काल सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी, मी मशीनपाशी उभी राहिले आणि म्हटलं, मला सगळ्यांशी बोलायचंय. चौदा माणसं होती. वॉचमनलाही मी आत बोलावलं. माझं तमिळ तुम्हाला माहीतच आहे. बाजारापुरतं आणि मशीनपुरतं. एरवी मी तोंड उघडलं की एखादी तरी खुदकन हसते. मी आदल्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईंकडून वाक्यं लिहून घेतली होती, पण कागद उघडला आणि अक्षरं दिसेनात. म्हणून तसंच बोलले. म्हटलं, पत्र मी लिहिलं. म्हटलं, सर चाकं नेत होते ती तपासायला. दाणा खराब होता. आपल्यापैकी कोणाला कळलं नाही, मला तर नाहीच. सरांना कळलं.

कोणी हसलं नाही. वॉचमन टोपी हातात घेऊन जमिनीकडे पाहत होता. मला शेवटचं वाक्य म्हणायचं होतं, ते सगळ्यात सोपं होतं. तमिळमध्ये 'तो' आणि मोठ्या माणसासाठीचं मानाचं 'ते' या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, आणि घाबरले की माझा नेहमी तिथेच घोटाळा होतो.

"अवन सोन्नदु सरि," मी म्हटलं. तो म्हणाला ते बरोबर होतं.

"अवर," सेल्वी म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत मला सोडून द्यायचा जराही विचार नव्हता. "अवर, अक्का."

मी वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. ते म्हणाले ते बरोबर होतं.